दुसरी सीडी

टीव्हीवर कुठल्याही चित्रपटात बर्फ पडायला लागला की मला अजूनही सुताचा वास येतो. नवरा हसतो. लेक म्हणते, "आई, बर्फाला वास नसतो." तिचं बरोबर आहे. पण मी ज्या घरात बसून पहिल्यांदा बर्फ बघितला, तिथे तो बर्फ नव्हताच. हिरामावशीने आम्हाला सांगितलं होतं, "बगा रे पोरांनो, सूत उडतंय. केवढा मोठा कारखाना असंल यांचा!" आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. भिवंडीत आमच्या गल्लीच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. हवेतून पांढरं काही उतरत असेल तर ते सूतच, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. ते आमच्या केसांत असायचं, पापण्यांवर असायचं, वाळत घातलेल्या कपड्यांवर असायचं. पडद्यावरच्या राजकन्येच्या केसांवरही ते बसलं, आणि तेव्हापासून ती आम्हाला आमच्यातलीच वाटायला लागली.

हिरामावशी नात्याने आमची कोणी नव्हती. आमच्या घरापासून तिसरं दार तिचं. खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन आलेली आगरी बाई. उंच, हाडापेराने मजबूत, पदर कायम कमरेला खोचलेला. गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात ती कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. तिचा नवरा रामदासकाका त्याच कारखान्यात जॉबर. बंद पडलेला लूम त्याने नुसता हात लावला तरी सुरू होतो, असं म्हणायचे. काका बोलायचा फार कमी. त्याच्या वाटचं बोलणंही मावशीच उरकायची, आणि तेही असं की चार घरं ऐकतील. तसे आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. लूमच्या खडखडाटात दुसरा इलाज नव्हता. कुजबुज हा प्रकार आमच्या गल्लीला माहीतच नव्हता. आमच्याकडे गुपितंसुद्धा ओरडूनच सांगायची पद्धत होती.

त्यांना एकच मुलगा, रोशन. माझ्याच वर्गात होता, पण शाळेत कमी आणि घरी जास्त असायचा. त्याच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. चार पावलं पळाला तरी त्याचे ओठ जांभळे व्हायचे आणि तो उकिडवा बसून राहायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन होईल, पण आधी पोराचं वजन वाढलं पाहिजे. तेव्हापासून त्या घरात देवाच्या खालोखाल वजनाची पूजा सुरू झाली. दूध, केळी, अंडी, नाचणीची आंबील. दर गुरुवारी शिफ्ट संपली की मावशी रोशनला कारखान्यात न्यायची आणि सुताची पोती मोजायच्या काट्यावर बसवायची. शेठ स्वतः चष्मा पुसून काटा बघायचे. काटा थोडा जरी पुढे सरकलेला असला तरी मावशी घरी येईपर्यंत ती बातमी गल्लीभर झालेली असायची. नसला सरकला तर ती म्हणायची, "काटाच बिघडलाय मेला."

आता पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, पतंगामागे जायचं नाही, अशा पोराने दिवसभर करायचं काय? त्यावर मावशीने काढलेला तोडगा म्हणजे चित्रांचे पिच्चर. कार्टून हा शब्द तिला हलका वाटायचा. तीन बत्तीच्या नाक्यावर एक हातगाडीवाला सीडी विकायचा. त्याला ती सांगायची, "माणसांचे नकोत. चित्रांचे दे. ज्याच्यात कोनीतरी उडतं असे." तो वेष्टनावरची चित्रं बघून काढून द्यायचा. उडणारे घोडे, बोलणारी गलबतं, काचेच्या डोंगरात राहणारे बुटके, शेपटीला दिवा असलेले मासे. सगळं इंग्रजीत. खाली कधी अक्षरं यायची, तीही कुठल्या देशाची ते कोणाला कळायचं नाही.

पिच्चर लागायचा शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. आठवड्यातून तेवढाच एक दिवस आमच्या गल्लीत आवाज ऐकू यायचे. कुकरची शिटी, मशिदीची अजान, लांबच्या रस्त्यावरचा ट्रकचा हॉर्न. आणि तेवढ्याच एका दिवशी हिरामावशी हळू बोलायची. भिंतीला उशी लावून रोशन, त्याच्या शेजारी ती, आणि पुढे आम्ही गल्लीतली सगळी पोरं. आमच्यापैकी कोणालाच इंग्रजी येत नव्हतं, मावशीला तर नाहीच. पण ती पडद्यावर नजर ठेवून आम्हाला पिच्चर सांगायची. प्रत्येकाचा आवाज वेगळा. राजा असेल तर तो आमच्या शेठसारखा हिंदीत बोलायचा, "अरे भाई, ये क्या तमाशा है!" परी बोलायची ती आमच्या शाळेच्या बाईंसारखं शुद्ध मराठी. आणि घोडा, कासव, गाढव, म्हातारा कोळी, ही जी जीव लावणारी माणसं असायची, ती सगळी आगरीत बोलायची. "तू कनाला भितंस? मी हाय ना!" असं एक हिरवं अजस्र कासव एकदा म्हणालं होतं. पुढे आयुष्यात मला धीर देणारी माणसं पुष्कळ भेटली, पण त्या कासवाची सर कोणाला आली नाही.

एकदा पिच्चरमधला म्हातारा घोडा मेला. मुलाला बर्फाच्या डोंगरापलीकडे पोचवून तो आडवा झाला. रोशनने विचारलं, "आये, झोपला?"

"न्हाय रे. मेला तो," मावशी म्हणाली.

रोशन रडला. आम्हीही रडलो. दुसऱ्या दिवशी माझी आई तिच्याकडे भांडायलाच गेली. "काय गं हिरा, झोपला म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? पोरगी रात्रभर मुसमुसत होती."

मावशी कणीक मळत होती. ती थांबली नाही. "पोरांना डोळे हायत, वैनी. आज खोटं सांगितलं तर उद्या खरं सांगंन तेबी खोटं वाटंल त्यांना. मेला तर मेला. पन त्या पोराला किती लांब नेलंन त्यानं, ते पन सांगितलं ना मी?" आई परत आली. तिच्या हातात मावशीने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या.

तेव्हा एका पिच्चरच्या दोन सीड्या असायच्या. पहिलीत अर्धा, दुसरीत अर्धा. मावशीचा नियम होता, एका शुक्रवारी एकच सीडी. पहिली संपली की ती टीव्ही बंद करायची, मग आम्ही कितीही गयावया करू. दुसरी पुढच्या शुक्रवारी. आम्हाला हा छळ वाटायचा. पण त्यामागचं गणित तिने एकदा माझ्या आईला सांगितलं होतं, अर्थात ओरडूनच, त्यामुळे मीही ऐकलं. पुढे काय होणार, ही ओढ असली की रोशन आठवडाभर म्हणेल ते करायचा. दूध प्यायचा, औषध घ्यायचा, वळवळ न करता पडून राहायचा. "दूध न्हाय तर दुसरी सीडी न्हाय," एवढ्या एका वाक्यावर तिने पोराला एका शुक्रवारकडून दुसऱ्या शुक्रवारकडे न्यायचं ठरवलं होतं. आणि दुसरी सीडी संपून शेवटची नावं वर सरकायला लागली, की ती गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि दर वेळी तेच म्हणायची, "संपलं. जावा घरी. आया वाट बघत असतील."

तळ्याखालच्या राज्याचा पिच्चर आला तेव्हा थंडी संपत आली होती. आम्ही बघितलेल्या सगळ्या पिच्चरांत तो सुंदर होता. एका मुलीचा धाकटा भाऊ तळ्यात खेळता खेळता नाहीसा होतो. सगळे म्हणतात बुडाला. ही म्हणते, नाही, खाली कुठेतरी आहे. मग ती एका रात्री तळ्यात उतरते. खाली झाडं, रस्ते, दिवे, सगळं गावच्या गाव. पाणी निळं की हिरवं, सांगता येणार नाही असं. माणसं चालायची ती तरंगत. रोशन इतका पुढे सरकून बसला होता की उशी मागेच राहिली होती. "आये, यांना पळायला लागत न्हाय," तो म्हणाला. "नुसता पाय उचलायचा, की जातात." मुलगी दारामागून दारं ओलांडत शेवटच्या एका मोठ्या दाराशी येते. आतून भावाच्या गाण्याचा आवाज. ती दारावर हात ठेवते. आणि तिथे पहिली सीडी संपली.

"दुसरी लाव," रोशन म्हणाला.

"फुडच्या शुक्रवारी."

"आये, लाव ना. तो आत हाय का तेवढं बघू. मग बंद कर."

"न्हाय म्हटलं ना. राहू दे की काहीतरी फुडच्या शुक्रवारला."

त्याने आणखी एकदा मागितली. हट्ट नव्हता तो. थकलेल्या माणसासारखा मागत होता. काका कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "लाव गं एक दिवस." मावशीचा हात दुसऱ्या सीडीपर्यंत गेलेला मी पाहिला. पण त्या गुरुवारी काटा सरकला नव्हता, उलट मागे आला होता. तिने हात मागे घेतला. "दूध पी आठवडाभर. मग बघू कोन हाय दारामागं."

रोशन मंगळवारी गेला. सकाळी मी शाळेला निघाले तर गल्लीत काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने कळलं, लूम बंद आहेत. शेठनी कारखाना थांबवला होता, त्यांचं बघून बाकीच्यांनीही. शुक्रवार नसताना मी ऐकलेली ती पहिली शांतता. त्या शांततेत मावशीचा आवाज येत नव्हता, आणि तीच गोष्ट सगळ्यांत भयंकर होती. आई मला आत ओढत होती तरी मी बघितलं. मावशी उंबऱ्यावर बसली होती, पदर खोचलेला, जणू आता उठून कामाला लागेल. तिच्या बाजूला काका उभा होता. बायका तिला रड म्हणून सांगत होत्या.

पुढे बरेच महिने तिचं दार शुक्रवारी बंदच असायचं. मग एका शुक्रवारी ते उघडं दिसलं. सतरंजी अंथरलेली. आम्ही एकेक करून, बिचकत, आत जाऊन बसलो. भिंतीपाशी उशी होती, मावशी तिच्या शेजारी बसली. नवीन पिच्चर होता, बोलणाऱ्या गलबताचा. पहिली सीडी संपली. आम्ही सवयीने उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. आणि तिने दुसरी लावली.

त्या दिवसापासून हिरामावशीकडे कधीही, कुठलाही पिच्चर अर्धा थांबला नाही. मध्ये लाईट गेली तर परत येईपर्यंत मावशी आम्हाला बसवून ठेवायची. भारनियमनाचे दिवस, लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. आया हाका मारून दमायच्या. मावशी दारातून ओरडायची, "येतील! बघून झालं की येतील!" नुसत्या पिच्चरचंच नाही. तिच्यासमोर कोणी अर्धा कप चहा ठेवून उठू शकत नसे. अर्धी भाकरी टाकता येत नसे. कारखान्यात भोंगा झाला तरी हातातली कांडी पुरी भरल्याशिवाय ती शिफ्ट सोडत नसे, त्यावरून मुकादमाशी तिची रोजची वादावादी. बायका आपापसात म्हणायच्या, हिरा चक्रम झाली. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांना कळत होतं, फक्त दुसरा शब्द सापडत नव्हता.

आणखी एक बदल झाला होता. ती पिच्चर सांगेनाशी झाली. नुसती बघत बसायची. राजे, पऱ्या, कासवं, सगळे इंग्रजीतच बोलून निघून जायचे. आम्हीच मग आरडाओरडा करून एकमेकांना अर्थ लावून द्यायचो, निम्मा चुकीचा. ती त्यात पडायची नाही. शेवटी मात्र उठून म्हणायची, "संपलं. जावा घरी." एकदा कोणीतरी धीर करून विचारलं, "मावशी, ती तळ्याची लावा ना." ती म्हणाली, "तिची दुसरी खराब हाय." काचेच्या कपाटात रोशनच्या फोटोमागे ती सीडी मला दिसत होती. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

आम्ही मोठे झालो. मुली आधी यायच्या थांबल्या, मग मुलगे. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा तिथल्या एका बाईंनी बोलता बोलता सांगितलं, की हे असले चित्रपट मुळात जाडजूड पुस्तकांवरून काढलेले असतात, गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात. मला ते इतकं नवीन होतं की मी त्याच दिवशी मावशीकडे गेले. "मावशी, ती तळ्याची गोष्ट पुस्तकात असेल. मी शोधून आणते, वाचून दाखवते."

तिने थोडा विचार केला. "त्याच्यात शेवट तोच असतो?"

"कधी कधी बदलतात म्हणे."

"मग पुस्तक नको," ती म्हणाली. "त्यानं पिच्चर बघितला होता."

त्या वर्षांत आमची गल्लीही बदलत होती. कारखाने एकेक करून बंद पडत होते. शेठनी लूम भंगारात विकले तेव्हा काका दिवसभर बाहेर उभा राहून टेम्पोत काय काय चढतंय ते बघत होता. मग तो पूर्णा गावातल्या एका गोदामावर वॉचमन लागला. मावशीच्या हातात काम राहिलं नाही. गल्लीत रोजच शुक्रवार झाला. सगळे आवाज ऐकू यायचे, पण मावशी मोठ्यानेच बोलायची. शेवटी पडघ्याला राहायला गेलेल्या तिच्या भावाने घरामागची खोली देऊ केली आणि दोघांनी जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दुपारी ती आमच्या दारात आली. आदले दोन दिवस ती घरातल्या सगळ्या सीड्या गल्लीतल्या लहान पोरांना वाटत होती. तिचा प्लेअर कधीच बंद पडला होता. आता तिच्या एका हातात गुंडाळलेली छोटी सतरंजी होती आणि दुसऱ्या हातात कोऱ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली एकच सीडी.

"तुमचा चालतो ना गं?" तिने मला विचारलं. "एवढी बघून घेते. अर्धं सोडून जायचं न्हाय."

"पहिली कुठे आहे?"

"पहिली मना पाठ हाय."

मी टीव्ही लावला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मावशीने भिंतीलगत सतरंजी अंथरली, आमच्या पलंगावरची एक उशी मागून घेतली, ती भिंतीला टेकवून ठेवली आणि आपण तिच्या शेजारी बसली. मी सीडी सरकवली. थोडा वेळ पडदा काळा राहिला. मला भीती वाटली, इतकी वर्षं पडून राहिलेली, चालतेय की नाही. मग ते निळं-हिरवं पाणी आलं. मोठं दार. दारावर मुलीचा हात.

"हां," मावशी म्हणाली. "आता बग. उघडतंय दार."

तो हळू आवाज होता. शुक्रवारचा. कित्येक वर्षांत मी तो ऐकला नव्हता. ती माझ्याशी बोलत नव्हती. तिची मान उशीकडे किंचित कललेली होती. "आत हाय रे तो. हाय. तू म्हनत व्हतास ना? बग, बसलाय. बरा हाय. खेळतोय." राजा आला तसा तो हिंदीत बोलायला लागला. एक म्हातारा मासा आला, तो आगरीत बोलला. मुलगी भावाला म्हणत होती चल, आणि भाऊ हसत होता, तरंगत तिच्याभोवती फिरत होता. मग राजाने काहीतरी सांगितलं आणि मुलगी रडायला लागली. मला इंग्रजी आता समजत होतं. खाली आलेल्याला परत वर जाता येत नाही, असं तो म्हणाला होता. मी मावशीकडे बघितलं. तिला शब्द कळले नव्हते. पण ती पडद्याकडे टक लावून होती आणि तिचे ओठ थांबले होते. आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, निदान आज तरी ती झोपला म्हणेल, येतोय म्हणेल.

"न्हाय येत तो," मावशी म्हणाली. "त्याला तिथंच राह्यचंय, बाबा. तिला एकटीला जायचंय वर." थोडं थांबून ती म्हणाली, "पन भेटली ना ती त्याला? दार उघडलंन ना तिनं?"

मुलगी पाण्यातून वर आली. काठावर पहाट होत होती. ती तळ्याकडे बघत बसली आणि मग उठून गावाच्या दिशेने चालायला लागली. तिच्या पाठोपाठ संगीत वाजलं, पडदा काळा झाला आणि नावं वर सरकायला लागली. मावशी सगळी नावं संपेपर्यंत बसून होती. एक हात उशीवर होता. मग तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि ती उठली.

"संपलं," ती म्हणाली.

तिचे डोळे कोरडे होते. आम्ही कोण, कुठे आहोत, याचं तिला त्या क्षणी भान नसावं. माझ्याकडे बघून, आमच्याच घरात, माझ्या आईच्या देखत ती म्हणाली, "जा घरी पोरी. आई वाट बघत असंल."

मी उठले, चपला घातल्या आणि दार ओढून घेऊन गल्लीत जाऊन उभी राहिले.